झिजल्या मातीचा सेवक : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

मनुष्याच्या दारिद्र्याची दोन कारणे असतात. एक कारण बाहेरचे असते. अन्याय, ऋण, दुष्काळ, रोगराई ही सारी त्यात येतात. दुसरे कारण मनुष्याच्या दृष्टीत असते. अंगणातील माती, परसातील चार रोपे, गोठ्यातील एक गाय आणि स्वतःचे दोन हात, एवढ्या सामग्रीत किती सामर्थ्य साठविलेले आहे, हे पुष्कळांना आयुष्यभर उमगत नाही. ज्या महापुरुषांनी लोकांची ही दृष्टी उघडण्यासाठी आपला देह झिजविला, त्यांत अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे स्थान फार वरचे आहे. वीणा गवाणकर यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून मराठी वाचकांच्या घराघरांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. तथापि भुईमुगाचा शास्त्रज्ञ एवढीच त्यांची ओळख पुष्कळांच्या मनात असते. प्रत्यक्षात त्यांच्या जीवनाचे मुख्य कार्य याहून साधे आणि याहून खोल होते. दरिद्री कुटुंबाने आपल्या दाराशीच आपले अन्न कसे पिकवावे, कसे टिकवावे आणि त्या अन्नाच्या बळावर ऋणाचा फास कसा सैल करावा, हे शिकविण्यात त्यांचे आयुष्य वेचले गेले.

त्यांचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसूरी राज्यातील डायमंड या खेड्याजवळ झाला. गुलामांच्या मुलांच्या जन्माची नोंद ठेवण्याची कोणाला गरज वाटत नसे. त्यांची माता मेरी हिला मोझेस कार्व्हर नामक शेतकऱ्याने १८५५ साली ७०० डॉलर देऊन विकत घेतले होते. पिता जॉर्जच्या जन्मापूर्वीच किंवा त्या सुमारास एका अपघातात मरण पावला होता. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते व सीमेवरील प्रदेशात लुटारूंच्या टोळ्या धुमाकूळ घालीत होत्या. अशाच एका टोळीने एका रात्री मेरीला आणि तिच्या तान्ह्या मुलाला पळवून नेले. मोझेसने त्यांच्या शोधार्थ माणूस पाठविला. त्याला माता सापडली नाही, मरणोन्मुख झालेले बालक मात्र परत मिळाले. त्याच्या मोबदल्यात मोझेसने एक घोडा दिला, असे सांगतात. मातेचे मुख त्या बालकाने पुन्हा कधीही पाहिले नाही.

मोझेस आणि त्याची पत्नी सुसान यांना स्वतःचे अपत्य नव्हते. गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरही जॉर्ज आणि त्याचा मोठा भाऊ जिम हे त्यांच्याच घरी वाढले. जिम धट्टाकट्टा होता, म्हणून तो शेतावर राबे. जॉर्जची प्रकृती अत्यंत नाजूक होती. डांग्या खोकल्याने त्याचा कंठ इतका दुबळा झाला होता की पुढे सारे आयुष्य त्यांचा आवाज बारीकच राहिला. त्यामुळे हा मुलगा सुसानच्या हाताखाली घरकामाला लागला. स्वयंपाक, धुणे, शिवण, विणकाम आणि भाजीच्या वाफ्यांची निगा हे त्याचे पहिले शिक्षण होय. मोझेसची सुमारे २४० एकरांची शेती होती. तेथे धान्य होते, फळबाग होती, गाई, मेंढ्या, घोडे होते, मधमाश्यांची पोवळी होती. बाजारातून फारच थोड्या वस्तू आणाव्या लागत. काहीही वाया जाऊ द्यायचे नाही, हा त्या घराचा अलिखित नियम होता. हा संस्कार जॉर्जच्या मनावर इतका खोल उमटला की पुढे विज्ञानाच्या मोठमोठ्या पदव्या मिळाल्या, तरी त्यांच्या विचाराचे मूळ त्या घराच्या परसातच राहिले. वेळ मिळाला की हा मुलगा रानात जाई आणि तेथील रोपे आणून गुपचूप आपल्या छोट्या बागेत लावी. आजारी रोपे त्याच्या हाती बरी होतात, अशी ख्याती पसरून आसपासचे लोक त्याला रोपांचा वैद्य समजू लागले.

विद्येची तहान मात्र त्या गावात भागण्यासारखी नव्हती. जवळच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून बारा वर्षांच्या सुमारास हा मुलगा आठ मैल चालत निओशो या गावी गेला आणि रात्री एका कोठीत झोपला. ती कोठी अँड्र्यू आणि मारिया वॉटकिन्स या कृष्णवर्णीय दांपत्याची होती. मारिया सुईणीचे आणि धोबिणीचे काम करीत असे. तिने त्या अनाथाला घरात घेतले. आपण कार्व्हरांचा जॉर्ज, अशी ओळख त्याने करून दिली, तेव्हा तिने त्याला समजाविले की आता तो कोणाच्या मालकीचा नसून त्याचे स्वतःचे नाव जॉर्ज कार्व्हर असे आहे. वनस्पतींचे औषधी गुण तिनेच त्याला शिकविले. शिकलेली विद्या आपल्या लोकांना परत द्यावी, हा उपदेशही तिचाच. तिने दिलेले बायबल त्यांनी मृत्यूपर्यंत जपून ठेवले.

यानंतरची दहा-बारा वर्षे भटकंतीची होती. कॅन्सस राज्यातील गावोगाव हिंडून, लोकांचे कपडे धुऊन आणि स्वयंपाक करून त्यांनी शिक्षण घेतले. १८७९ साली फोर्ट स्कॉट येथे एका कृष्णवर्णीय माणसाला जमावाने हाल करून ठार मारल्याचे दृश्य त्यांच्या डोळ्यांसमोर घडले. त्याच रात्री त्यांनी ते गाव सोडले. माध्यमिक शिक्षण पुरे झाल्यावर हायलँड येथील महाविद्यालयाने त्यांना पत्राने प्रवेश दिला. परंतु ते समक्ष हजर होताच त्यांचा वर्ण पाहून तो नाकारण्यात आला. इतक्या वर्षांच्या कष्टांनंतर दारातून परत फिरण्याचे ते दुःख किती तीव्र असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. तथापि या माणसाने त्या दुःखाचे रूपांतर द्वेषात होऊ दिले नाही. ते पश्चिमेकडे गेले आणि त्यांनी मातीचा आश्रय घेतला.

१८६२ च्या कायद्याने अमेरिकेत नव्या प्रदेशात वस्ती करणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळू शकत असे. पाच वर्षे तेथे राहून ती कसणे, ही त्यातील मुख्य अट होती. १८८६ साली कार्व्हर यांनी कॅन्ससमधील नेस परगण्यात बीलर या गावाजवळ अशा जमिनीवर हक्क नोंदविला. तो प्रदेश म्हणजे वृक्षहीन गवताळ माळ. घर बांधण्यास लाकूड नव्हते. म्हणून तेथील वसाहतवाले गवताच्या मुळांसकट जमिनीची ढेपळे विटांसारखी कापून त्यांच्या भिंती रचीत. कार्व्हर यांनीही तसेच घर उभारले. बैल नसल्याने त्यांनी स्वतःच्या हातांनी १७ एकर जमीन तयार केली. तीत मका, इतर धान्ये आणि भाजीपाला लावला. फळझाडे आणि सावलीची झाडेही लावली. एवढेच नव्हे, तर त्या उजाड माळावर त्यांनी फुलझाडांचा लहानसा संग्रहही जोपासला. उन्हाळ्यातील कोरडे वारे आणि हिवाळ्यातील हिमवादळे यांनी त्या प्रदेशातील कित्येक शेतकऱ्यांना हताश केले. कार्व्हर यांनी पोटासाठी शेजारच्या गुरांच्या मळ्यावर चाकरी केली आणि १८८८ साली नेस सिटीच्या बँकेकडून ३०० डॉलरचे कर्ज काढले. त्यानंतर लवकरच त्यांनी तो माळ सोडला. बाहेरून पाहता हा प्रयत्न फसला. परंतु भांडवल नसलेल्या, अवजार नसलेल्या, कर्ज काढलेल्या एकट्या शेतकऱ्याचे जीवन कसे असते, हे त्यांनी तेथे पुस्तकातून नव्हे तर अंगावर घट्टे पाडून जाणले. पुढे ज्यांना ते शिकविणार होते, त्यांचे दुःख त्यांनी आधी स्वतः भोगले होते.

आयोवा राज्यात इंडियानोला येथील सिम्पसन महाविद्यालयात १८९० साली त्यांना प्रवेश मिळाला. तेथे ते चित्रकला आणि पियानो शिकू लागले. त्यांची वनस्पतींची चित्रे आणि वनस्पतींवरचे प्रेम पाहून तेथील चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनी त्यांना एम्स येथील कृषी महाविद्यालयात जाण्याचा आग्रह केला. १८९१ साली ते तेथील पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी झाले. १८९४ साली पदवी आणि १८९६ साली उच्च पदवी त्यांनी संपादन केली. वनस्पतींच्या बुरशीजन्य रोगांचे उत्तम जाणकार म्हणून त्यांचा लौकिक होऊ लागला. तेथेच ते अध्यापक झाले. प्रयोगशाळा, ग्रंथालय, काचगृहे, सन्मान हे सारे त्यांना मिळाले होते. ज्याने बालपणी कोठीत रात्र काढली, त्याने आता येथे सुखाने राहिल्यास कोणीही त्याला दोष दिला नसता.

त्याच वेळी बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले. वॉशिंग्टन हेही गुलामगिरीत जन्मलेले होते. त्यांनी १८८१ पासून अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांसाठी संस्था चालविली होती आणि तेथील कृषिविभाग उभारण्यास त्यांना माणूस हवा होता. कार्व्हर यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक संशोधकाच्या कीर्तीची आणि दुसरी सेवेची. मारियाने केलेला उपदेश ते विसरले नव्हते. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते टस्कीगीस आले आणि नंतरची सेहेचाळीस वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, तेथेच राहिले. तेथे प्रयोगशाळा नव्हती. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी कचऱ्यातून बाटल्या, डबे, तारा आणि जुने दिवे गोळा केले व त्यांतून शिक्षणाची साधने बनविली.

त्या प्रदेशाची अवस्था हृदय विदीर्ण करणारी होती. गुलामगिरी गेली होती, पण जमीन मिळाली नव्हती. बहुसंख्य कृष्णवर्णीय शेतकरी दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत. बियाणे, अवजारे, धान्य, कापड सर्व उधारीवर घ्यावे लागे आणि पीक उभे राहण्यापूर्वीच ते सावकाराकडे किंवा दुकानदाराकडे गहाण पडे. हिशेब लिहिणारा सावकार आणि अंगठा उठविणारा कुळवाडी यांतील व्यवहार कसा असतो, हे आपल्या देशातील खेड्यांना सांगावयास नको. सावकाराला हवा असे कापूस, म्हणून झोपडीच्या दारापर्यंत कापूसच लावला जाई. भाजीच्या वाफ्याला जागा उरत नसे. शेतकरी असूनही अन्न विकत घ्यावे लागे आणि ते अन्न म्हणजे मक्याचे पीठ, खारवलेली चरबी आणि काकवी. अशा आहाराने पेलाग्रा नावाचा रोग दक्षिणेत पसरला. त्यात कातडी सोलून निघे, पचन बिघडे, शेवटी बुद्धी भ्रमिष्ट होई. हा रोग जंतूंचा नसून निकृष्ट आहाराचा आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतरच्या संशोधनाने दाखविले. कार्व्हर त्याच्या कितीतरी आधीपासून त्याच रोगाच्या मुळावर, म्हणजे रिकाम्या परसावर, उपाय करीत होते.

प्रथम त्यांनी मातीकडे लक्ष दिले. वर्षानुवर्षे कापूस घेऊन ती झिजली होती, पावसाने तिच्यात घळी पडल्या होत्या. संस्थेने प्रयोगासाठी दिलेला तुकडाही असाच नापीक होता. विकतचे खत दरिद्री शेतकऱ्याला परवडणारे नाही, हे जाणून कार्व्हर यांनी रानातील पाचोळा, दलदलीतील काळा गाळ आणि गोठ्यातील खत यांचे थर रचून कुजविले व ते जमिनीत घातले. कापसाच्या जागी चवळी, रताळी आणि पुढे भुईमूग ही पिके आलटूनपालटून घेतली. चवळी आणि भुईमूग यांच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र ओढून मातीला देतात. म्हणजे ही पिके मनुष्याला अन्न देतात आणि जमिनीला खतही. काही वर्षांत त्या नापीक तुकड्याचे रूप पालटले आणि भोवतालचे शेतकरी तो पाहावयास येऊ लागले. झिजलेल्या जमिनीला पुन्हा सकस कसे करावे, याविषयी त्यांनी १९०५ साली एक पत्रिका प्रसिद्ध केली.

अशा एकूण चव्वेचाळीस पत्रिका टस्कीगीहून निघाल्या. त्यांत बहुधा तीन गोष्टी एकत्र असत. शेतकऱ्यासाठी लागवड, शिक्षकासाठी शास्त्र आणि गृहिणीसाठी पाककृती. १८९८ साली निघालेली पहिली पत्रिका ओक वृक्षाच्या फळांवर होती. रानात सडून जाणारी ही फळे जनावरांना खाऊ घालून चाऱ्याचा खर्च कसा वाचवावा, हे तीत सांगितले होते. १९१० च्या पत्रिकेत रताळ्यापासून घरच्या घरी सत्त्व काढण्याची रीत होती. रताळी किसावी, कीस फडक्यात बांधून पाण्यात चोळून पिळावा, पाणी निवळू द्यावे आणि तळाशी बसलेले पांढरे सत्त्व वाळवून ठेवावे. त्यास यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. १९१६ साली भुईमुगाचे १०५ प्रकार, १९१७ साली रानातील अलुबुखाराची फळे टिकविण्याचे ४३ प्रकार, १९१८ साली टोमॅटोचे ११५ प्रकार त्यांनी प्रसिद्ध केले. फळे वाळविणे, मुरंबे करणे, भाज्या खारविणे, त्या देशाच्या आहाररीतीप्रमाणे मांस उन्हाळ्यात न नासता ठेवणे, हे सर्व त्यांत होते. रानभाज्यांवर त्यांचा विशेष लोभ होता. आपल्याकडील चाकवताच्या जातीची भाजी तेथे तण म्हणून उपटून फेकली जाई. ती ते आवडीने खात आणि इतरांना खाऊ घालीत. प्रत्येक घरी भाजीचा मळा असावा, कोंबड्या असाव्या, एक दुभती गाय असावी आणि हिवाळ्यासाठी फडताळ भरलेले असावे, हे त्यांचे साधे मागणे होते.

परंतु ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना पत्रिकेचा काय उपयोग? म्हणून कार्व्हर स्वतः खेड्यांत जाऊ लागले. संस्थेत दरमहा शेतकऱ्यांची सभा भरत असे, पण सर्वांत गरजू माणूस सभेस येऊ शकत नाही. त्याच्यासाठी शाळाच चाकांवर घालून न्यावी, अशी योजना निघाली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांच्या देणगीतून १९०६ साली एक गाडी तयार झाली. घोड्यांनी ओढलेल्या त्या गाडीत नांगर होते, बियाणे होते, लोणी काढण्याचे यंत्र आणि दुधाची परीक्षा करण्याचे साधन होते. त्याच वर्षी थॉमस कॅम्पबेल या तरुणाकडे तिची जबाबदारी आली. गाडी एखाद्या झोपडीपुढे थांबे आणि शेजारीपाजारी गोळा होत. पुरुषांना नांगरट दाखविली जाई, स्त्रियांना दुधाची आणि अन्न टिकविण्याची शिकवण मिळे. झोपडीच्या भिंतींना रंग नसल्यास, टेकडीवरील पांढरी आणि रंगीत माती गाळून तिचा रंग कसा करावा, हेही कार्व्हर दाखवीत. स्वच्छ भिंतीने पोट भरत नाही हे खरे, पण आपले घर सुंदर असण्याचा आपल्यालाही अधिकार आहे, ही जाणीव माणसाला ताठ उभे करते.

थोर पुरुषांच्या चरित्रात त्यांच्या उणिवा झाकून ठेवल्या, तर त्यांच्यापासून शिकण्यासारखे फारसे उरत नाही. संस्थेची गुरेढोरे, कुक्कुटशाळा आणि बागा यांचा कारभारही कार्व्हर यांच्याकडे होता आणि त्या कारभारात ते निपुण नव्हते. कोंबड्या मरत, अंडी कमी येत. १९०४ साली संस्थेच्या एका समितीने त्यांच्या कुक्कुटशाळेचे अहवाल वस्तुस्थितीहून फुगविलेले असल्याचे सांगितले आणि वॉशिंग्टन यांनी त्यांना त्याबद्दल जाब विचारला. वॉशिंग्टन हे शिस्तीचे कठोर. कार्व्हर मनाने हळवे. उभयतांत अनेकदा खटके उडाले. कार्व्हर यांनी राजीनामा देण्याची भाषाही केली. तरीही त्यांनी संस्था सोडली नाही. १९१० साली कारभाराची फेररचना होऊन त्यांना संशोधनाचा विभाग मिळाला. मनुष्य सर्व कामांत यशस्वी होत नाही. अपमान गिळून, आपल्या वाट्याचे काम न टाकणे हे मात्र त्याच्या हाती असते. १९१५ साली वॉशिंग्टन निवर्तले, तेव्हा कार्व्हर यांना अतोनात शोक झाला.

आणखी एक प्रश्न येथे टाळता येण्यासारखा नाही. ज्याची जमीनच स्वतःची नाही, त्याला परसबागेचा उपदेश किती उपयोगी पडणार? मालकाने मना केले तर वाफा उखडावा लागे. जमीन सुधारली तर तिचा लाभ मालकाला, आणि पुढच्या वर्षी कुळाने निघून जावयाचे. कार्व्हर यांच्या शिकवणीने ती व्यवस्था मोडली नाही, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. परंतु त्यांना ती दिसत नव्हती असे मात्र नाही. ते शेतकऱ्यांपुढे एक हिशेब मांडीत. रविवार सोडून वर्षात ३१३ दिवस कामाचे. रोज पाच सेंट बाजूस टाकले तर वर्षाअखेर १५ डॉलर ६५ सेंट होतात. पाच डॉलर एकराने तीन एकर जमीन घेता येते आणि ६५ सेंट कागदपत्रांसाठी उरतात. पाच सेंट कोठून आणावयाचे? दुकानातून आणलेल्या पिठाऐवजी घरचे रताळे, काकवीऐवजी घरचा मुरंबा, विकतच्या चरबीऐवजी घरचे लोणी, यांतून. परसबाग ही त्यांच्या दृष्टीने पोटाची सोय तर होतीच, पण स्वातंत्र्याकडे जाणारी पहिली पायरीही होती. ज्यांना ही पायरी चढता आली, त्यांच्या मुलांनी सावकाराचे दार पाहिले नाही. पुष्कळांना ती चढता आली नाही, आणि तो दोष त्यांच्या आळसाचा नव्हता.

मेक्सिकोतून आलेला, कापसाची बोंडे पोखरणारा सोंडेकिडा १९१० च्या सुमारास अलाबामात पोहोचला आणि केवळ कापसावर विसंबलेले परगणे उद्ध्वस्त होऊ लागले. तेव्हा भुईमुगाकडे लोकांचे लक्ष गेले. अलाबामातील एंटरप्राइज गावाच्या लोकांनी तर, या किड्यामुळे आपण दुसऱ्या पिकांकडे वळलो म्हणून, १९१९ साली त्या किड्याच्या नावाने भर चौकात स्मारक उभारले. भुईमुगापासून दूध, पीठ, तेल, रंग अशा शेकडो वस्तू कार्व्हर यांनी प्रयोगशाळेत तयार केल्या. १९२१ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे भुईमुगावरील आयातकराविषयी त्यांची साक्ष झाली. प्रारंभी त्यांना दहा मिनिटे दिली होती. एकेक वस्तू पेटीतून काढून ते दाखवू लागले, तेव्हा समितीने त्यांना हवा तितका वेळ घेऊ दिला. त्या दिवसापासून ते सर्व देशात प्रसिद्ध झाले. भुईमुगाचे लोणी त्यांनी शोधून काढले अशी जी समजूत रूढ आहे ती बरोबर नाही. ते त्यांच्या आधीपासून प्रचारात होते. तसेच त्यांच्या प्रयोगशाळेतील फारच थोड्या वस्तू बाजारात गेल्या. सबंध आयुष्यात त्यांनी केवळ तीन एकस्वे घेतली. त्यांचे खरे श्रेय वस्तूंच्या संख्येत नाही. सामान्य शेंगेकडे आदराने पाहण्याची दृष्टी त्यांनी दिली, यात आहे.

त्यांचा दिनक्रम तपस्व्याला शोभेल असा होता. पहाटे चारच्या सुमारास उठून ते एकटेच रानात जात. ती त्यांची प्रार्थनेची वेळ होती. सृष्टी हा ईश्वराचा नित्य चालणारा संवाद आहे आणि मनुष्याने फक्त कान देऊन ऐकावे, अशी त्यांची श्रद्धा होती. प्रयोगशाळेत जाताना ते हीच प्रार्थना मनात ठेवीत. विज्ञान आणि भक्ती यांत त्यांना कधी विरोध दिसला नाही. विवाह त्यांनी केला नाही. कपडे जुनेच, पण कोटाच्या काजात रोज ताजे फूल. वेतनाच्या हुंड्या कित्येकदा महिनोनमहिने खणात तशाच पडून राहत. शेतकऱ्यांना दिलेल्या सल्ल्याचे मूल्य त्यांनी घेतले नाही. मोटार कारखानदार हेन्री फोर्ड त्यांचे मित्र झाले, महात्मा गांधींशी आहाराविषयी त्यांचा पत्रव्यवहार झाला. तरी संस्थेच्या वसतिगृहातील खोली हेच त्यांचे घर राहिले. दक्षिणेतील वर्णभेदाचा काच त्यांना शेवटपर्यंत सोसावा लागला. ज्या शहरात त्यांच्या व्याख्यानाला हजारो लोक येत, त्याच शहरातील उपाहारगृहात त्यांना जेवण मिळेलच असे नसे.

उतारवयात त्यांनी साठवलेले सुमारे ६०,००० डॉलर संशोधनासाठी स्थापिलेल्या निधीला देऊन टाकले. १९४२ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, रानातील खाण्याजोग्या भाज्यांवर त्यांची पत्रिका निघाली. विद्या सांगत सांगतच ते थकले. एका पडण्याचे निमित्त होऊन ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगी येथे त्यांनी देह ठेवला. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या समाधीशेजारीच त्यांची समाधी आहे. त्याच वर्षी जुलै महिन्यात अमेरिकेच्या सरकारने मोझेस कार्व्हरच्या शेतावरील त्यांचे जन्मस्थान राष्ट्रीय स्मारक म्हणून राखण्याचा कायदा केला. ज्या शेतावर ते कोणाच्या तरी मालकीची वस्तू म्हणून जन्मले होते, ते शेत आता त्यांच्या नावाने ओळखले जाते.

या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. सर्वांना शास्त्रज्ञ होता येत नाही, सर्वांपाशी जमीनही नसते. पण खिडकीतील कुंडी, परसातील वाफा, दारची गाय, स्वयंपाकघरातील टाकाऊ साल, यांकडे पाहण्याची दृष्टी कोणालाही घेता येते. जे हाती आहे ते ईश्वराचे देणे समजून वापरावे, त्यातील कणही वाया घालवू नये, शिकलेले दुसऱ्याला द्यावे आणि दिल्याचा हिशेब ठेवू नये, एवढेच कार्व्हर यांनी केले. घरी पिकलेल्या अन्नाचा पहिला घास घेताना, ज्याच्या वाट्याला जमिनीचा तुकडाही आलेला नाही अशा कष्टकऱ्याची आठवण झाली आणि त्याच्यासाठी काही करावेसे वाटले, तर या महात्म्याचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.